पोराच्या कॉम्प्युटरचा बोर्ड

३ मार्च, मंगळवार

मदरबोर्ड घ्यायचा आहे. पोराच्या कॉम्प्युटरचा. जुना गेला.

कामाच्या वहीची मागची पानं कोरी होती, तिथे लिहितोय. पुढून लोकांचे पंखे, गिझर आणि जळालेले होल्डर. मागून हे. दोन्हींची गाठ पडेल तेव्हा वही संपली म्हणायची.

पोरगा ताईकडे जाऊन आज अकरा दिवस झाले. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. दुसऱ्या शहरात असते, जायचं तर अख्खा दिवस मोडतो. पाठीवरची एक बॅग घेऊन गेला. कॉम्प्युटर इथेच, त्याच्या खोलीत, टेबलाखाली. जाताना आईला एवढंच म्हणाला, "तो तिथेच राहू दे. हलवू नका." माझ्याशी बोलला नाही. बंद पडलेली वस्तू वाहून नेऊन तरी काय करणार!

तो गेल्यावर एकदा खोलीत जाऊन पेटीचं पुढचं बटण दाबलं. भिंतीवरचं चालू होतं, ते बघितलं आधी. दिवा नाही, पंखा नाही. हूं नाही की चूं नाही. परत दाबलं नाही.

नवा बोर्ड बसवायचा आणि मग त्याला फोन करायचा, असं ठरवलंय. चालू झाला रे, ये — एवढं म्हटलं की झालं. त्याआधी बोलणार कुठल्या तोंडाने?

५ मार्च, गुरुवार

दुपारच्या सुट्टीत कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. जमिनीपासून छतापर्यंत खोकी. दुकानदाराच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड की डोळे कुठेतरी लांब आत बसलेले दिसतात. मनातल्या मनात त्याचं नाव भिंगवाला ठेवलं. माणूस बरा आहे. म्हटलं, एक मदरबोर्ड दाखवा, स्वस्तातला, पण टिकाऊ. "दोन्ही एकदम पाहिजे का?" म्हणाला. मीही गिऱ्हाइकांना हेच विचारतो.

प्रोसेसर कुठला, ते विचारलं. मला काय माहीत! बोर्ड प्रोसेसरला जुळावा लागतो, खाच वेगळी असेल तर बसतच नाही, असं त्याने समजावलं. तीन पिनांची टॉप दोन भोकांच्या सॉकेटात जात नाही, तसंच. त्यापेक्षा पेटीच घेऊन या म्हणाला, उघडून बघू, कधीकधी नुसतीच वायर सैल असते. म्हटलं, जड आहे. जड कसली! पाच-सात किलोची पेटी. मी रोज खांद्यावरून शिडी वाहतो.

मग त्याने विचारलं, गेला कसा?

"आपोआप," मी म्हणालो.

"सगळ्यांचा आपोआपच जातो," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

हे वाक्य माझं आहे. तीस वर्षं वायरमनकी केली. ओल्या हाताने बटण दाबलेलं असतं, एकाच प्लगात इस्त्री आणि हीटर कोंबलेला असतो, खिळा ठोकताना भिंतीतली वायर फोडलेली असते. आणि विचारलं की — काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडलं! एकही माईचा लाल "मी केलं" म्हणालेला नाही. संध्याकाळी घरी येऊन हिला असल्या गोष्टी सांगायच्या आणि दोघांनी हसायचं, हा आमचा नेम. आजची सांगितली नाही.

६ मार्च, शुक्रवार

प्रोसेसरचा नंबर मिळाला. पोरगा एकही खोकं टाकत नाही. कपाटावर रचून ठेवलीत, आतल्या थर्माकोलसकट. ही वर्षभर कानीकपाळी ओरडत होती, फेक ती अडगळ. बरं झालं त्याने ऐकलं नाही.

प्रोसेसरचं खोकं सगळ्यात वर. नवं कोरं. जानेवारीत घेतला त्याने, स्वतःच्या कमाईतून. जाहिरातींची हलती चित्रं करून देतो लोकांना, त्यातून. मला दाखवायला आणला होता. "बाबा, बघा, एवढासा असतो." मी पकडीला तेल देत होतो. बरं, म्हटलं. एवढंच म्हटलं.

बोर्डाचं खोकं मात्र नाही. बोर्ड त्याने कुणाचा तरी वापरलेला घेतला होता. कोणता, कसा, काही ठाऊक नाही. एका घरात राहून!

८ मार्च, रविवार

भिंगवाल्याने तीन बोर्ड सुचवलेत. तिन्ही त्या प्रोसेसरला चालतात. दिवसभर मोबाईलवर वाचत बसलो, व्हिडिओ बघितले. नावं म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरं, गाडीच्या नंबरासारखी. लक्षात राहत नाहीत. म्हणून पहिला, दुसरा, तिसरा.

पहिला सगळ्यात स्वस्त. मेमरीच्या पट्ट्यांना दोनच खाचा. मागे यूएसबी मोजून चार. प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग उघडेच, वर ॲल्युमिनियमचा तुकडा नाही. जास्त काम काढलं की तापणार. घरगुती वापराला ठीक, असं सगळे म्हणतात. पोराचं काम घरगुती नाही. रात्रंदिवस चित्रं शिजत असतात त्यात.

दुसरा. चार खाचा. वीज पुरवणाऱ्या भागावर जाडजूड ॲल्युमिनियम. दिसायला गरीब. करडा, ना रंग ना रूप.

तिसरा बघितला तर पहिल्याचाच भाऊ. पण कडेने रंगीत दिवे, आणि वायफाय. भिंगवाला म्हणतो, तरुण पोरांना हाच आवडतो. दिवे लावल्याने वायरिंग सुधारत नाही, हे मी त्याला फोनवर ऐकवलं.

गंमत म्हणजे यातही फेज असतात. माझ्या लेखी फेज म्हणजे खांबावरून येणारे तीन. इथे चार, सहा, आठ! वीज वाटून वाटून देतात, म्हणजे एकावरच भार पडत नाही. वाचून जरा बरं वाटलं, परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं. पोराला सांगितलं असतं तर म्हणाला असता, बाबा, ते फेज वेगळे. मी म्हटलं असतं, वीज तर तीच ना? असं आमचं एखादं बोलणं होऊ शकलं असतं. झालं नाही कधी.

संध्याकाळपर्यंत डोळे दुखायला लागले. बाकी काही नाही.

१० मार्च, मंगळवार

चार कामं. जेवलो. झोपलो. भूक लागते, झोप येते, हात चालतात. शॉक लागला की कोपरापासून पुढे हात आपला राहत नाही, तसा सगळाच झालोय. दुखतही नाही.

११ मार्च, बुधवार

ही भाजी चिरत होती. मी बोर्डांचे फोटो बघत होतो. मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी लाईट गेली तेव्हा तुम्ही पॅसेजमध्ये होतात ना?"

मेन स्विच बघायला गेलो होतो, म्हटलं.

हं, म्हणाली. भाजी मात्र आज फारच बारीक चिरली गेली.

१२ मार्च, गुरुवार

खोटं बोलायला तोंड आहे, त्यासाठी वही कशाला हवी! खरं लिहितो.

लाईट गेली नव्हती. मेन मी पाडला.

सतरा फेब्रुवारी. दिवसभर एका इमारतीत जिन्याचे दिवे बसवून आलो होतो. खांदा भरून आला होता. ताटं वाढली. पोराला हाक मारली. खोलीतून आवाज — दोन मिनिटं. परत मारली. दोन मिनिटं, बाबा. तिसऱ्यांदाही दोन मिनिटं. त्याची दोन मिनिटं मला ठाऊक आहेत, तेवढ्यात माझा अर्धा जिना उजळून होतो. उठलो. पॅसेजमध्ये गेलो आणि मेन पाडला. राग होता असंही म्हणवत नाही. हात गेला.

तीस वर्षांत न सांगता मेन पाडलेला नाही मी! कुठल्याही कामावर आधी घरभर ओरडून सांगतो — मेन बंद करतोय, लिफ्टमध्ये कुणी नाही ना, कुणाचं मशीन चालू नाही ना. पोरगा सात-आठ वर्षांचा असताना त्याला पहिला धडा हाच दिला. सांगितल्याशिवाय मेन पाडायचा नाही. दुसरा धडा, बरेच दिवस लांब जायचं असेल तर वस्तू नुसती पुढून बंद करायची नाही, मागूनही करायची. शहाण्यासारखा मान हलवायचा. आणि मी स्वतःच्याच घरात असा वागलो.

तो मोबाईलचा उजेड धरून बाहेर आला. चेहरा पांढराफटक. नवा प्रोसेसर चालावा म्हणून बोर्डाच्या आतला प्रोग्राम बदलत होता, नेमका त्याच घटकेला. तेव्हा वीज तुटली तर बोर्ड मरतो. पडद्यावर तसं लिहिलेलंही असतं म्हणे, बंद करू नका म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत एका कंपनीला नमुन्याचं काम पाठवायचं होतं. नोकरी होती त्यात. हे मला नंतर हिच्याकडून कळलं. त्याने आधी सांगितलं नसेल का? सांगितलं असेल. मी पकडीला तेल देत असेन.

त्याने विचारलं, "बाबा, लाईट गेली का?"

मी म्हटलं, "हो."

त्याने खिडकीतून बाहेर बघितलं. समोरच्या इमारतीत झाडून सगळ्या खिडक्यांत उजेड. खाली रस्त्यावरही. मग माझ्याकडे बघितलं. मी वळलो, मेन वर केला आणि म्हटलं, आली बघ.

निदान वायरमनला शोभेल असं तरी खोटं बोलायचं होतं. फ्यूज उडाला म्हटलं असतं तरी चाललं असतं.

पुढचे तीन दिवस तो खोलीतच. जेवायला यायचा, ताटात बघून जेवायचा. मीही ताटातच बघायचो. विसाव्या तारखेला गेला.

१३ मार्च, शुक्रवार

लिहिल्याने हलकं वाटतं म्हणतात. मला तर काही वाटलं नाही. वही चापून बंद केली एवढंच. हिच्या हाती वही लागू नये म्हणून हत्यारांच्या पिशवीत ठेवतो.

१४ मार्च, शनिवार

ताईचा फोन. पोरगा बरा आहे म्हणाली. तिथे एका छपाईच्या दुकानात अर्धा दिवस बसतो, त्यांच्याच कॉम्प्युटरवर चित्रं करतो. उरलेला अर्धा दिवस तिच्या घराच्या मागे लागलाय. पंखे पुसले, न्हाणीतला दिवा बदलला, काल स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड उतरवून नवा बसवला. माझ्यासोबत कामावर ये म्हटलं तर याचं कपाळ दुखायचं! वायरमनच्या परवान्याचा फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता मी त्याच्यासाठी. त्याला न विचारता. अजून ड्रॉवरमध्ये आहे.

"अरे, अगदी तुझी नक्कल," ताई म्हणाली. "आधी घरभर फिरला. आत्या, मेन बंद करतोय हं. काका, मेन बंद करतोय. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीलाही जिन्यातून हाक मारून आला. म्हटलं, पाच मिनिटांसाठी एवढी दवंडी कशाला? तर म्हणे, न सांगता मेन पाडायचा नाही, बाबांचा नियम आहे."

ऐकतोयस ना, तिने विचारलं. हो, म्हटलं. इथेच आहे तो, देऊ का, म्हणाली. नको म्हटलं, बोर्ड आला की बोलतो. कसला बोर्ड, विचारायला लागली. तुला कळायचं नाही, आणि त्याला यातलं काही सांगू नकोस, म्हटलं. तुम्ही बापलेक एका माळेचे मणी, असं म्हणून तिने फोन ठेवला.

लाज वाटली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं, ते हे.

१६ मार्च, सोमवार

दुपारी एका कामावर शिडीच्या पायरीवर बसून डबा खाल्ला आणि बोर्डांवरची लोकांची मतं वाचली. काय भांडतात! पहिल्यावाले दुसऱ्यावाल्यांना उधळे म्हणतात, दुसऱ्यावाले पहिल्यावाल्यांना कंजूष. ज्याला धड होल्डर बदलता येणार नाही तोही फेजवर प्रवचन देतो. एकाने लिहिलंय, स्वस्त बोर्ड म्हणजे रोज जीव मुठीत धरून कॉम्प्युटर चालू करणं. त्याच्या खाली दुसऱ्याने लिहिलंय, माझा सहा वर्षं चाललाय, तुझाच हात वाईट. हे वाक्य दोनदा वाचलं.

पण एक कामाची गोष्ट सापडली. दुसऱ्या बोर्डाला मागच्या बाजूला बारीकसं बटण आहे. आतला प्रोग्राम अर्धवट राहून बोर्ड मेला, तरी नवा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घ्यायचा, ठरावीक खाचेत खोचायचा आणि ते बटण दाबून धरायचं. सात-आठ मिनिटांत बोर्ड उठून बसतो. म्हणजे मेला म्हणतात तो मेलेला नसतोच. दुसऱ्यावर खूण केली. ज्या घरात मेन पाडणारा माणूस आहे तिथे असलंच काहीतरी पाहिजे.

मग मनात आलं, जुन्यालाही असं बटण असेल का? बघायला हवं. पण पेटीची पाठ भिंतीकडे, ओढून काढावी लागेल. आणि तो म्हणाला होता, हलवू नका. कारण चांगलं सापडलं! खरं सांगायचं तर त्या पेटीजवळ जायला नको वाटतं. दुकानात जाणं सोपं आहे.

१७ मार्च, मंगळवार

सकाळी शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे गेलो. चार मशीन, एक मोठी इस्त्री, सगळं बंद. दार उघडल्या उघडल्या त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. इस्त्री मी मशीनच्या प्लगला लावली. नको म्हणून तुम्ही मागेच सांगितलं होतं."

तीस वर्षांत पहिलं माणूस!

प्लग उघडला. आतली एक तार काळी पडली होती. कापली, नवी जोडली. दहा मिनिटं. एरवी आपोआपवाल्यांकडे हेच शोधायला अर्धा दिवस जातो, भिंतीतली प्रत्येक पेटी उघडावी लागते. बाईंना म्हटलं, खरं बोललात म्हणून लवकर झालं. त्या म्हणाल्या, खोटं बोलून लाईट येणार होती का? आणि चहा टाकला.

परत येताना हे हिला सांगायचं ठरवलं होतं. दारात आल्यावर विचार बदलला.

१८ मार्च, बुधवार

दुसरा बोर्ड भिंगवाल्याकडे संपलाय. शनिवारी येईल. तोवर तिसरा घेऊन टाका म्हणतो. नाही.

१९ मार्च, गुरुवार

हिने विचारलं, "बोर्ड बसवला आणि तरी आला नाही तर?"

मी दुसऱ्याच्या चार खाचा समजावत होतो, मध्येच थांबलो. खाचा, फेज, ॲल्युमिनियम, बटण, सगळं पडताळून झालंय. हे कुठल्याच रकान्यात नव्हतं. येईल की, म्हटलं. न यायला काय झालं?

ती म्हणाली, "तुम्ही एकदा बोला त्याच्याशी." बोर्ड आला की बोलतो, म्हटलं. बोर्ड, बोर्ड, बोर्ड, असं पुटपुटत ती आत गेली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

२० मार्च, शुक्रवार

आज महिना झाला. तारीख लिहिताना लक्षात आलं.

२१ मार्च, शनिवार

बोर्ड आणला. दुसराच. खोकं वहीपेक्षा थोडं मोठं, हातात घेतलं तर काहीच वजन नाही. एवढ्याशासाठी एवढे दिवस!

भिंगवाल्याने बजावलं, खोकं फोडलंत की परत घेणार नाही. शिवाय दोन सूचना. बोर्डाला कडेने धरायचं, आणि काम सुरू करण्याआधी वीज पूर्ण तोडायची. हे तो मला सांगतोय! त्याला तेवढ्यात सांगून टाकावंसं वाटलं, की आपोआप नव्हता गेला. तोंड उघडलंही. पण त्याला फोन आला, आणि राहिलं.

घरी आलो तर हिने न मागता धुतलेली चादर काढून ठेवली होती, पेटी ठेवायला. उद्या रविवार. उजेडात बसवतो. दुपारपर्यंत होईल. मग त्याला फोन. काय बोलायचं तेही ठरलंय — चालू झाला रे, ये. लाईटचं बोलायची गरज पडणार नाही. वस्तू चालू झाल्यावर ती कशी बंद पडली होती हे कुणी विचारत नाही. गिऱ्हाइकांचा अनुभव आहे.

२२ मार्च, रविवार

पेटी ओढून चादरीवर घेतली. उघडण्याआधी वीज तोडायची, म्हणून पाठीमागच्या बटणाकडे हात नेला. ते बंदच होतं.

वरच्या खाचेत पोराचा पेनड्राइव्ह तसाच खोचलेला. त्याच्या शेजारी बारीक बटण. जुन्यालाही होतं.

मागचं विजेचं बटण चालू केलं. पुढचं दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला, त्याचं नाव आलं आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. त्या तीन दिवसांतच त्याने बोर्ड उठवला होता. लांब जायचं म्हणून मागून बंद करून गेला, मी शिकवलं तसा. गिऱ्हाइकाची वस्तू असती तर मी सगळ्यात आधी बटणच बघितलं असतं.

म्हणजे बोर्डापायी गेलाच नव्हता तो. तीन दिवस खोलीत बसून कशाची वाट बघत होता ते आत्ता कळलं. रडू आलं. हिने बघितलं, बघू दे.

फोन लावला. पासवर्ड विचारला नाही. म्हटलं, "त्या दिवशी लाईट गेली नव्हती. मेन मी पाडला. तुला न सांगता."

तो म्हणाला, "दोन मिनिटं, बाबा. बाहेर येऊन फोन करतो."

त्याला आता पंचवीस मिनिटं झाली. ही ताटं वाढून बसलीय. मी थांबलोय.